मोगलाईतून विलायत

गेल्या वर्षी माझी भाची लंडनला शिकायला गेली. नांदेडची पोरगी. इंग्रजी साहित्यात एम.ए. करायचं म्हणून गेली, आणि तिथं तिच्यापुढे 'प्रवासलेखन' नावाचा एक विषय आला. आठवड्यातून एकदा वर्गात प्रवासवर्णनं वाचायची, बाकीचे दिवस शहरात हिंडायचं आणि त्याच शहरावर लिहायचं, असं त्याचं स्वरूप. महिनाभरानं तिचा फोन आला.

"मामा, वर्गात प्रत्येकानं सांगायचं होतं, की आपल्या भागातून या शहरात आधी कोण आलं होतं आणि त्यानं काय लिहून ठेवलंय. मी पंडिता रमाबाईंचं नाव सांगितलं. तर बाईंनी विचारलं, त्या तुमच्या नांदेडच्या का?"

मी म्हणालो, दोन दिवसांत सांगतो. त्या दोन दिवसांचं वर्ष झालं.

मला वाटलं होतं, प्रश्न सोपा आहे. मराठीत विलायतेवरच्या लेखनाला तोटा नाही. करसनदास मुळजींचं इंग्लंडच्या प्रवासाचं गुजराती पुस्तक १८६६ मध्ये निघालं आणि त्याचा मराठी अनुवादही लोकांनी वाचला. पंडिता रमाबाईंचं 'इंग्लंडचा प्रवास' १८८३चं. नारायण भवानराव पावगींचा 'विलायतचा प्रवास' त्यानंतरचा. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात होते, तिथून त्यांनी 'सुबोध पत्रिके'साठी मजकूर पाठवला. सावरकर १९०६ मध्ये कायदा शिकायला लंडनला गेले आणि 'विहारी'ला बातमीपत्रं पाठवू लागले. पुढं केळकरांनीही विलायतेची बातमीपत्रं लिहिली. ज्या 'अपूर्वाई'शिवाय मराठी घरातलं कपाट पुरं होत नाही, त्या पुस्तकाचे लेखकही लंडनला गेले होते ते बीबीसीत शिकायला.

ही सगळी नावं एका कागदावर मांडली, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे यातल्या बऱ्याच जणांनी शहर पाहिलं ते मुक्काम करून. कुणी शिकायला, कुणी कामाला. आठ दिवसांत चार देश पाहणारा माणूस इमारतींची उंची लिहितो. खोली भाड्यानं घेऊन राहणाऱ्याला कोळशाचा भाव, घरमालकिणीचा स्वभाव आणि रविवारची शांतता लिहावी लागते. रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिकडे राहिल्या. म्हणूनच त्यांच्या १८८९च्या अमेरिकेवरच्या पुस्तकात दिनक्रमापेक्षा राज्यव्यवस्था, घरं, शाळा आणि बायकांची स्थिती यांवर प्रकरणं आहेत. मराठी प्रवासवर्णनांत मला आजही ते पुस्तक सगळ्यांत वरचढ वाटतं. 'प्रवासवृत्त' हा शब्द त्याच्या नावात शेवटी आहे आणि 'लोकस्थिती' आधी, हे मला फार आवडतं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. यातलं बरंचसं लेखन मुळात पत्र आहे. 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्रच. आनंदीबाईंचं अमेरिकेतलं आयुष्य आपल्याला कळतं ते पत्रांतून. शिंद्यांचं, सावरकरांचं, केळकरांचं लेखन वर्तमानपत्रांसाठीचं. लिहिणारे जन्मानं पुण्या-मुंबईचे होते असंही नाही. रमाबाईंचा जन्म कर्नाटकातल्या रानात, शिंदे जमखंडीचे, सावरकर भगूरचे. पण पत्र जात होतं ते पुण्याला नाहीतर मुंबईला. तिथं छापखाना होता, अंक विकत घेणारा वर्गणीदार होता, आणि पुढच्या पत्राची वाट बघणारं कुणीतरी होतं.

आमच्याकडं काय होतं?

नकाशावर लातूर मुंबईपासून फार लांब नाही. पण १९४८ पर्यंत लातूर, उदगीर, नांदेड, कंधार ही सगळी गावं निजामाच्या राज्यात. सोलापूर-बार्शीकडची माणसं आमच्या मुलखाला मोगलाई म्हणत. लातूरला रेल्वे आली १९११ मध्ये, तीही बार्शी लाइटची अरुंद गाडी. तिनं कुर्डुवाडीला जायचं, तिथं उतरून मोठ्या गाडीत बसायचं, मग मुंबई, मग बोट. नांदेडच्या माणसानं गोदावरी खोऱ्यातल्या मीटर गेजनं मनमाड गाठायचं आणि तिथं गाडी बदलायची. रुळाची रुंदी बदलली की राज्य बदललं असंच समजायचं. हद्दीवर करोडगिरीचं नाकं. खिशातला हाली सिक्का पुढं चालायचा नाही, कलदार रुपये घ्यावे लागत. शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा-सतरा हाली. निजामाची टपाल तिकिटं राज्याच्या हद्दीपुरतीच, बाहेर पत्र धाडायचं तर इंग्रजांच्या टपालानं. विलायत राहू द्या, सोलापूरच आमच्या लोकांना अर्धा परदेश होता.

राज्यकारभाराची भाषा उर्दू. खासगी शाळा काढायला परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ प्रमाणे सभा भरवायलाही लागे. 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक १९२० मध्ये निघालं, पण हैदराबादहून. आणि १९३८ मध्ये आ. कृ. वाघमाऱ्यांनी 'मराठवाडा' नावाचं साप्ताहिक काढलं ते कुठून? पुण्याहून. त्यावर संस्थानात बंदी आली, मग नावं बदलून बदलून ते काढावं लागलं. आमच्या मुलखाचं नाव धारण करणाऱ्या पत्राला छापून घ्यायला परमुलखात जावं लागत होतं. अशा ठिकाणचा एखादा पोरगा त्या काळी लंडनला गेलाच असता, तर त्यानं बातमीपत्र कुणाला पाठवलं असतं? प्रवासवर्णनाला आधी प्रवास लागतो हे खरं, पण त्याहून आधी परतीचा पत्ता लागतो. माझ्या मते आमच्याकडं प्रवाशांपेक्षा त्या पत्त्याचीच टंचाई होती.

हे मी भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नाव नाहीच म्हणा की." पोरगी सरळ बोलते.

उलट दिशेचं मात्र भरपूर सापडलं. हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये सतराव्या शतकात औरंगाबादेहून गोवळकोंड्याला जाताना नांदेडला नदी उतरला. गावाचं नाव तो 'नादूर' असं लिहितो. दर गाडीमागं चार महमुदी द्याव्या लागतात आणि अधिकाऱ्याचा लेखी परवाना घ्यावा लागतो, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं. या नदीचं नातं तो गंगेशी जोडतो. पंडितांनी ही त्याची चूक ठरवली. मला तसं वाटत नाही. नांदेडच्या घाटावर आजही कुणाला विचारा, "कुठं चाललात?" तर उत्तर येतं, "गंगेला." त्या काळी नावाड्यानं त्याला तेच सांगितलं असणार. ताव्हर्नियेच्या प्रवासाचा बॉलनं केलेला इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये छापला गेला १८८९ मध्ये. रमाबाईंचं अमेरिकेचं पुस्तक मुंबईत निघालं ते हेच साल. त्याआधी १८६३ मध्ये मेडोज टेलरची 'तारा' ही कादंबरी आली होती. टेलर निजामाच्या नोकरीत होता, नळदुर्गचा कारभार त्यानं पाहिला होता. त्याची नायिका तुळजापूरची. म्हणजे आमच्या आईभवानीच्या पायऱ्यांशी इंग्रज वाचकांची ओळख झाली होती, तेव्हा लंडनचा एक रस्ताही आमच्या भाषेत आमच्यापर्यंत आलेला नव्हता.

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि 'आमच्या भाषेत' या शब्दांपाशी अडलो.

माझ्या आजोबांचे कागद आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत होते. शेतसाऱ्याच्या पावत्या, एक वाटणीपत्र, शाळेचा एक दाखला. सगळे उर्दूत. आजोबा मराठी बोलत, अभंग म्हणत, आणि अर्ज उर्दूत लिहीत. वडिलांना ती लिपी अर्धवट यायची, मला मुळीच नाही. दोन पिढ्यांत एक लिपी घरातून निघून गेली आणि कुणाला हळहळही वाटली नाही. तिच्यामागं रझाकारांच्या आठवणी होत्या, त्यामुळं तसं का झालं हे मी समजू शकतो. पण इतिहास शोधायला निघालेल्या माणसानं लिपीवर रुसून चालत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गंजगोलाईमागं राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडं अलिफ-बे शिकायला बसलो. शेजारी सहा-सात वर्षांची पोरं. ती माझ्या पुढं गेली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले कागद धुंडाळणं सुरू झालं, आणि एकाएकी उर्दू नि मोडी वाचणाऱ्यांचा भाव वधारला. तेव्हा माझ्याकडंही लोक पिशव्या घेऊन येऊ लागले. ज्या लिपीला घरात जागा नव्हती, तिच्यात आपलं नाव सापडतंय का म्हणून माणसं डोळ्यांत प्राण आणून बघत होती. असो.

तर मी मराठी कार्डं बाजूला ठेवली आणि उर्दू सफरनामे धुंडाळू लागलो. पहिल्याच आठवड्यात भेटला युसूफ खान कंबलपोश.

हा माणूस मूळचा हैदराबादचा. तरुणपणी घर सोडून निघाला, हिंडत हिंडत लखनौला पोचला, अवधच्या नवाबाच्या लष्करात लागला. तिथं इंग्रजी शिकला, आणि इंग्लंड पाहायचं वेड डोक्यात घेतलं. रजा काढून १८३७ मध्ये तो लंडनला गेला. व्हिक्टोरिया गादीवर आली तेच वर्ष. ना वकिली करायला, ना कुणा राजाची कैफियत मांडायला. निव्वळ बघायला. त्याचं पुस्तक १८४७ मध्ये दिल्लीत छापलं गेलं. पुढं लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं ते 'अजाइबात-ए-फिरंग' या नावानं काढलं. युरोपवरचा उर्दूतला पहिला सफरनामा हाच असं सहसा मानतात. २०१४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही झाला आहे. ज्यांना लिपी येत नाही त्यांनी तो जरूर वाचावा. मूळ पुस्तक रेख्तावर घरबसल्या मिळतं.

मी ते मूळातून वाचलं. महिने लागले. आपलं आंधळ्याचं वाचन, बोट ठेवून ठेवून. पण त्यातला आवाज पहिल्या पानापासून ऐकू आला. कंबलपोश म्हणजे घोंगडी पांघरणारा. आपला धर्म कोणता विचाराल तर 'सुलेमानी', असं तो सांगतो. म्हणजे कुठल्याच चौकटीत बसायला तयार नाही. नाटकं, बागा, तमाशे पाहताना हरखून जातो, बायकांच्या रूपाबद्दल मोकळेपणानं लिहितो, आणि फारसं लाजत नाही. आपण मागासलेले, ते पुढारलेले, हे ओझं घेऊन नंतरचे बहुतेक सगळे मराठी प्रवासी बोटीवर चढले. प्रत्येक पानावर तुलना, प्रत्येक तुलनेतून बोध. कंबलपोशही इंग्रजांचं कौतुक करतो, कधीकधी अतीच करतो, पण त्याला घरी परतून कुणाला सुधारायचं नव्हतं. मला वाटतं, समाजसुधारणेच्या गरजेनं मराठी प्रवासवर्णनाला वजन दिलं आणि त्याच गरजेनं त्याचं हुंदडणं काढून घेतलं. ते हुंदडणं परत यायला 'अपूर्वाई'पर्यंत थांबावं लागलं.

रमाबाईंच्या पत्राच्या छत्तीस वर्षं आधी हैदराबादच्या माणसाचं लंडन छापून झालेलं होतं! मी उत्साहानं भाचीला फोन लावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मामा, तो नांदेडचा होता का?"

नव्हता. आणि हे कबूल केलं पाहिजे. आपल्याकडं काही सापडलं नाही की शेजारच्या घरातली मूर्ती उचलून देव्हाऱ्यात ठेवायची, ही स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांची जुनी खोड आहे, ती मलाही आहे. कंबलपोशचा नांदेड-लातूरशी काही संबंध नाही. हैदराबाद शहर आणि त्याचे आठ मराठी-कानडी जिल्हे यांच्यातलं अंतर किती होतं, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? सरोजिनी चट्टोपाध्याय, पुढच्या नायडू, १८९५ मध्ये निजामाच्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. हैदराबादच्याच सुघरा हुमायून मिर्झा यांनी उर्दूत युरोपचा सफरनामा लिहिला, आणि तो बाईच्या नजरेतला आहे म्हणून भाचीला त्याचं नाव मी आवर्जून दिलं. पण शिष्यवृत्त्या राजधानीतल्या उंबऱ्यांपर्यंत पोचत, आणि त्यांचा पैसा ज्या महसुलातून येई, त्यात उदगीर-कंधारच्या काळ्या रानाचाही वाटा असे. तेवढंच काय ते आमचं नातं.

मग आमच्या पोरांचं महानगर कुठलं? हैदराबादच. शोध सुरू करताना हे मला सुचायला हवं होतं. नांदेडच्या पोरासाठी परकी भाषा, परका पेहराव, ट्रंक, भाड्याची खोली, घरची आठवण, हे सगळं हैदराबादेत होतं. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची घोषणा झाली आणि शिक्षणाचं माध्यम ठरलं उर्दू. नांदापूरचे नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादच्या सिटी कॉलेजात गेले. तिथं त्यांचे मामा, ना. गो. नांदापूरकर, उस्मानियात मराठी शिकवत. पुढं नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेल्या या माणसाला भारतीय मुसलमान समाजाबद्दल, निजामाच्या राज्याबद्दल जे बारकाईनं लिहिता आलं, त्याची पाळंमुळं त्या मुक्कामात आहेत. त्याला कुणी प्रवासलेखन म्हणत नाही. मी म्हणायला लागलो आहे.

आणि निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१०. बनारस आणि अलाहाबादला शिकले, हैदराबादच्या मुलकी सेवेत गेले, आदिलाबादकडं गोंडांमध्ये राहिले तर गोंडी शिकले, कोलामीचं व्याकरण लिहिलं. बदलीच्या प्रत्येक गावाची भाषा उचलणारा असा दुसरा मराठी माणूस मला माहीत नाही. 'जीवनसेतू' हे त्यांचं आत्मचरित्र मी तीनदा वाचलंय. त्यांनी फार्सीतून मराठीत आणलेल्या एका ग्रंथाचं नाव आहे 'मोगल दरबारची बातमीपत्रे'. सावरकर-केळकरांची लंडनहून आलेली बातमीपत्रं आपल्याला ठाऊक असतात. ही औरंगजेबाच्या छावणीतली. या जातीचे पुष्कळ कागद कर्नल टॉडनं जयपूरहून मिळवले, विलायतेला नेले आणि रॉयल एशियाटिक सोसायटीला देऊन टाकले. मी भाचीला म्हटलं, आपल्या मुलखात लिहिली गेलेली बातमीपत्रं तुझ्या शहरात पडून आहेत, आणि ती मराठीत आणणारा माणूस निलंग्यात जन्मला. हे सांग वर्गात.

आणखी एक नाव तिला दिलं, ते जनार्दन वाघमारे यांचं. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य, नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्य-संस्कृतीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. हार्लेम हे न्यूयॉर्कमधलं वस्तीचं नाव आमच्या पिढीनं पहिल्यांदा ऐकलं ते लातूरच्या वर्गांमधून, प्रवासवर्णनातून नव्हे. ज्यांची गावकुसाबाहेरची वस्ती लातूरलाच होती, त्यांना ते नाव लंडनपेक्षा जवळचं वाटलं.

वर्षअखेरीस भाचीला दहा पानांचा निबंध द्यायचा होता, स्वतःच्या मुक्कामावर. तिनं बरेच दिवस काही लिहिलं नाही. "मामा, कुणासाठी लिहू तेच कळेना," म्हणाली. "बाईंसाठी लिहिते तर सगळं समजावून सांगावं लागतंय. तुमच्यासाठी लिहिते तर सनावळ्या येतायत."

मी म्हटलं, आजीला लिही.

आजी म्हणजे माझी आई. लातूरला माझ्याकडं असते. वय चौऱ्याऐंशी, शाळा दुसरीपर्यंत. भाचीनं खरंच मराठीत चार पानं लिहिली आणि एका रविवारी फोनवर वाचून दाखवली. खोलीचं वर्णन होतं, खालच्या मजल्यावरच्या सिल्हेटी म्हातारीचं होतं, पुलावरून दिसणाऱ्या नदीचं होतं. आई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिनं थांबवलं.

"ते नदीचं राहू दे. तुझ्या खोलीत पाणी किती दिवसाला येतं?"

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. आमच्या घरात त्या उन्हाळ्यातल्या घागरी अजून माळ्यावर आहेत. भाची क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आजी, इथं नळाला कायम असतं. बंदच होत नाही."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

"मग ते लिही ना," आई म्हणाली. "कुठून आणतात, कोण सोडतं, बिल किती येतं. सगळं नीट लिही."

निबंध तिथूनच सुरू होतो. इंग्रजीत दिला, पण मराठी मसुदा तिनं मला पोस्टानं पाठवला, पाकिटावर आईचं नाव घालून.